पेन्सिलीची फुली, पेनाची सही

वसई परिसरातल्या एका कॅथलिक वाचक ताईंचं पत्र आलं आहे. ओळख कळेल असे तपशील काढून ते थोडक्यात देते.

नर्सची नोकरी घेऊन त्या वीस-एक वर्षांपूर्वी आयर्लंडला गेल्या आणि पुढे तिथल्याच नागरिक झाल्या. २२ मे २०१५ ला तिथे सार्वमत झालं. दोन पुरुषांच्या किंवा दोन स्त्रियांच्या लग्नाला राज्यघटनेत जागा द्यायची का, असा प्रश्न होता. ताईंनी 'नाही'च्या चौकोनात फुली मारली. मतदान केंद्राच्या फाटकापर्यंत सोबत आलेल्या चौदा वर्षांच्या मुलानं विचारलं होतं, "मम्मी, तू काय करणार?" त्या म्हणाल्या होत्या, "देवाला आवडेल ते." आता तो मुलगा एका आयरिश तरुणाशी लग्न करतो आहे आणि नोंदणीच्या कागदावर साक्षीदार म्हणून त्याला आईचीच सही हवी आहे. ताईंचे यजमान म्हणतात, "आपलंच पोर आहे, जाऊ या." ताईंचं पाऊल मात्र उचलत नाही. त्या विचारतात: जिच्या विरोधात मत दिलं त्या गोष्टीवर सही कशी करू? मुलाला त्या मताबद्दल सांगू का? वसईत भावंडांना काय सांगू? आणि मुळात कॅथलिक देशात असा कायदा व्हायला हवा होता का? पत्राच्या शेवटी एक ओळ आहे: "त्याच्या लग्नात उंबराचं पाणी आणायचं फार मनात होतं." (म्हणजे नवऱ्या मुलाला न्हाऊ घालायला विहिरीवरून वाजतगाजत आणलेलं पाणी.)

ताई,

तुमचा शेवटचा प्रश्न मी आधी घेते. बाकीच्या तिन्ही प्रश्नांची गाठ मला त्याच्यातच बसलेली दिसते. मी ख्रिस्ती नाही. पण माझं आजोळ गोव्यातल्या बार्देशातलं, त्यामुळे लहानपणापासून शेजारी कॅथलिक घरं पाहत आले आहे. त्या बळावर लिहिते.

काही वर्षांपूर्वी एका मैत्रिणीबरोबर म्हापशाच्या सब-रजिस्ट्रार कचेरीत गेले होते. गोव्यात पोर्तुगिजांच्या काळापासूनचा नागरी कायदा आहे. नवरा-नवरी कोणत्याही धर्माची असोत, आधी सरकारी वहीत सही करायची. कॅथलिक जोडप्यानं तिथला ना-हरकत दाखला घ्यायचा, मग चर्चमध्ये लग्न. त्या दिवशी मैत्रीण आणि तिचा होणारा नवरा लाकडी बाकावर बसले होते. कारकुनानं वही पुढे सरकवली, दोघांनी सह्या केल्या. दाखला पर्समध्ये घालून ती स्कूटरवरून आपल्या घरी गेली आणि तो त्याच्या घरी. काही आठवड्यांनी वेदीसमोर लग्न लागलं तेव्हा तिच्या आईच्या डोळ्यांना धार लागली होती. कचेरीत ती आलीच नव्हती. का, म्हणून मी विचारलं तर म्हणाली, "तें कागदाचें. लगीन इगर्जेंत." इगर्ज म्हणजे चर्च.

ही बाई रोज चर्चमध्ये मिस्साला, म्हणजे प्रार्थनाविधीला, जाणारी. सरकारचं लग्न वेगळं आणि देवासमोरचं वेगळं, हे तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. तुमच्या वसईत हा फरक डोळ्यांना दिसत नाही. १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याखाली तिथे फादरच दोन्ही कामं एका वेळी करतात. आयर्लंडमध्येही बहुतेक चर्चमधल्या लग्नांत तसंच होतं: मिस्सा संपली की तिथेच सरकारी फॉर्मवर सह्या. जन्मभर दोन गोष्टी एकाच ताटात वाढलेल्या पाहिल्या की त्या एकच वाटतात, त्यात तुमचं काही चुकलं नाही.

पण २०१५ मध्ये तुमच्यापुढे जी मतपत्रिका आली ती म्हापशाच्या वहीबद्दलची होती. आयर्लंडच्या घटनेच्या ४१ व्या कलमात एकच वाक्य घालायचं होतं: लिंगाचा भेद न करता कोणत्याही दोन व्यक्तींना कायद्यानुसार विवाह करता येईल. विवाहसंस्काराबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं. त्याच वर्षी पुढे जो कायदा झाला त्यात तर स्पष्टच लिहिलं आहे की चर्चला मान्य नसलेलं लग्न लावायला कोणत्याही धर्मगुरूला भाग पाडता येणार नाही. तुमच्या मुलाचं लग्न रजिस्ट्रार लावणार आहे. तुमच्या चर्चकडे त्यानं काहीच मागितलेलं नाही.

घटस्फोटाचं आठवून पाहा. आयर्लंडमध्ये १९८६ मध्ये लोकांनी तो नाकारला आणि १९९५ मध्ये स्वीकारला, तोही फक्त ९,११४ मतांच्या फरकानं. चर्चनं आजही तो मानलेला नाही. तरी तुमच्या वॉर्डात घटस्फोट घेतलेल्या, पुन्हा लग्न केलेल्या सहकारी असतीलच. त्यांच्याबरोबर तुम्ही नाइट ड्युटी करता, त्यांच्या मुलांच्या वाढदिवसाला जाता. त्यांचं लग्न सरकारी वहीत आहे म्हणून तुमचा विवाहसंस्कार उणा झाला, असं तुम्हाला कधी वाटलं का?

"कॅथलिक देश" हे शब्दही जरा तपासून घेऊ या. १९३७ च्या आयरिश घटनेत कॅथलिक चर्चला खास स्थान दिलेलं होतं. ते १९७२ मध्ये लोकांनीच सार्वमतानं काढलं, आणि तेव्हाचा आयर्लंड आजच्यापेक्षा कितीतरी जास्त चर्चमध्ये जाणारा होता. म्हणजे देशात कॅथलिक पुष्कळ असणं वेगळं आणि देशाचा कायदा कॅथलिक असणं वेगळं, हे श्रद्धावंत आयरिश माणसांनी पन्नासेक वर्षांपूर्वीच ठरवून टाकलं होतं. आता २०१५ चा हिशेब मांडा. २०११ च्या जनगणनेत तिथे ८४ टक्के लोकांनी आपला धर्म कॅथलिक लिहिला होता. चार वर्षांनी ६२ टक्के मतदारांनी 'हो' म्हटलं, आणि सगळ्या देशात रॉसकॉमन-साउथ लीट्रिम या एकाच मतदारसंघानं 'नाही' म्हटलं. ती १२ लाख 'हो'ची मतं कॅथलिकांशिवाय कुठून आली असतील? डब्लिनचे तेव्हाचे आर्चबिशप डर्मिड मार्टिन या बदलाच्या विरोधात होते. पण निकालानंतर त्यांनी लोकांवर आगपाखड केली नाही. 'हो' म्हणणारी ही तरुण मुलं बारा वर्षं आमच्याच शाळांत शिकली आहेत, वस्तुस्थिती काय आहे ते चर्चनं बघायला हवं, अशा अर्थाचं ते बोलले. माजी राष्ट्राध्यक्ष मेरी मॅकअलीस यांनी उघडपणे 'हो'चा प्रचार केला. त्या धर्मनिष्ठ कॅथलिक आहेत, चर्चच्या कायद्यात त्यांनी पुढे डॉक्टरेट केली, आणि त्यांचा मुलगा समलिंगी आहे. एकाच वेदीसमोर गुडघे टेकणाऱ्या माणसांनी त्या दिवशी वेगवेगळ्या चौकोनांत फुल्या मारल्या.

आता माझा तुम्हाला एक प्रश्न. तुम्ही महाराष्ट्रात वाढलात. इथे ख्रिस्ती लोक शंभरात एक. २०१५ च्याच मार्चमध्ये राज्यात बैल आणि वळूंच्या कत्तलीवर बंदी आली. बहुसंख्यांची श्रद्धा, म्हणून सगळ्यांच्या ताटाचा कायदा. तुमच्या माहेरच्या स्वयंपाकघरात त्या वेळी काय बोलणं झालं असेल, याची मला कल्पना आहे. आपण थोडे आहोत म्हणून दुसऱ्यांच्या धर्मानं आपल्यासाठी कायदा करू नये, असं वसईत वाटत असेल, तर आपण पुष्कळ आहोत तिथेही तोच न्याय लावायला हवा. तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर म्हणूनच 'हो' आहे. असा कायदा व्हायला हवा होता, आणि कॅथलिक देशातही व्हायला हवा होता.

तरीही तुमच्या 'नाही'ला मी दुष्टपणा म्हणणार नाही. मुलाला आई आणि बाप दोन्ही हवेत, लग्नाचा पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला अर्थ एका मतदानानं बदलू नये, समलिंगी जोडप्यांसाठी २०१० चा नागरी भागीदारीचा कायदा आहेच, मग आणखी कशाला, हे मुद्दे चांगल्या, विचारी माणसांनीही मांडले होते. पहिल्या मुद्द्याबद्दल एवढंच सांगते की दत्तकाचा आणि पालकत्वाचा कायदा संसदेनं सार्वमताच्या आधीच, त्याच वसंतात वेगळा केला होता. मतपत्रिकेवर मुलांचा प्रश्न नव्हताच. आणि भागीदारीचा कायदा संसदेनं केलेला, संसदेला बदलता येण्यासारखा. विवाहावर उभ्या कुटुंबाला घटनेचं जे कवच आहे ते त्या जोडप्यांना नव्हतं. रात्री दोन वाजता कुणाला आयसीयूत आत सोडायचं आणि कुणाला बाहेर थांबवायचं, यात नात्याच्या नावाला किती वजन असतं, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जवळून पाहिलं आहे.

त्या दिवशी ७ लाख ३४ हजार ३०० माणसांनी 'नाही' म्हटलं. त्यांतल्या तुम्ही एक. तुम्हाला जो देव शिकवला गेला त्याला काय आवडेल, याचा विचार करून तुम्ही फुली मारलीत. हे मुलाला सांगायचं का?

सांगू नये, असं म्हणणारे म्हणतील की मत गुप्त असतं, दहा वर्षं उलटली, लग्नाच्या तोंडावर जखम कशाला उकरायची. त्यात तथ्य आहे. पण एक शक्यता तुमच्या लक्षात आली नसावी. त्याला ते बहुधा तेव्हाच कळलं होतं. चौदा वर्षांचा, स्वतःबद्दल काहीतरी उमगू लागलेला मुलगा. त्या महिन्यात रस्त्यातल्या खांबाखांबावर 'हो' आणि 'नाही'चे फलक होते. "देवाला आवडेल ते" या उत्तराचा अर्थ त्याला लागला नसेल, असं मला वाटत नाही. तसं असेल तर एवढी वर्षं तो ते मनात ठेवून तुमच्या घरी जेवायला येतो आहे, आणि तरीही साक्षीदार म्हणून त्यानं जगातून तुम्हालाच निवडलं आहे.

म्हणून माझा कल सांगण्याकडे आहे. फक्त केव्हा आणि कसं, ते नीट ठरवा. लग्नाच्या आठवड्यात नको. पाहुणे असताना नको, फोनवर नको. आणि कुमसार, म्हणजे फादरांपुढे पापाची कबुली, केल्यासारखं तर मुळीच नको. तुम्ही रडायचं, त्यानं तुमचे डोळे पुसायचे आणि "जाऊ दे मम्मी" म्हणायचं, असं झालं तर तुमचं ओझं फक्त त्याच्या खांद्यावर जाईल. दोन वाक्यं पुरेत: "त्या दिवशी फाटकापाशी तू विचारलंस आणि मी सरळ उत्तर दिलं नाही. मी 'नाही' म्हणून आले होते." मग गप्प बसा. तो रागावला तर रागावू द्या. लगेच सफाई देऊ नका. त्याला दोन आठवडे तुमच्याशी बोलावंसं वाटलं नाही, तरी ते त्याच्या हक्काचे दोन आठवडे आहेत. हे लग्नाच्या बऱ्याच आधी उरकायचं कारण हेच.

आता सही. त्या फॉर्मवर पाच सह्या होतात: दोघा लग्न करणाऱ्यांच्या, दोन सज्ञान साक्षीदारांच्या आणि लग्न लावणाऱ्याची. वॉर्डात कुलूपबंद कपाटातून मॉर्फिन काढताना रजिस्टरवर दोन नर्सच्या सह्या लागतात, तुमच्या हातून अशा हजारो झाल्या असतील. त्यातली दुसरी सही काय सांगते? मी इथे हजर होते, मी पाहिलं, मोजलं, जे झालं ते असंच झालं. औषध कुणी लिहून दिलं, मी दिलं असतं का, याबद्दल ती सही काही बोलत नाही. कायद्याच्या नजरेत लग्नाच्या साक्षीदाराची सहीही तेवढीच. ही दोन माणसं माझ्यासमोर राजीखुशीनं 'हो' म्हणाली. याला खोटी साक्ष कोण म्हणेल?

पण या आडोशाला तुम्ही कायमचं लपावं, असं मी सुचवणार नाही. मुलगा काही रजिस्टरसाठी नर्स शोधत नाहीये. त्याला शेजारी आई हवी आहे. तुमच्यापुढे तीन वाटा आहेत. एक, लग्नाला जायचंच नाही. त्यानं तुमचा विवेक काही काळ शांत होईल, पण तो दिवस पुन्हा येणार नाही, आणि अशा न जाण्याचं दुःख वर्षानुवर्षं बाळगणाऱ्या आयांची पत्रं माझ्याकडे आहेत. दोन, जायचं, पहिल्या रांगेत बसायचं, पण सही नाकारायची. मन अजिबातच धजत नसेल तर हीसुद्धा प्रामाणिक वाट आहे. मात्र मग त्याला आत्ताच सांगा, म्हणजे तो दुसरं कुणी पाहील. ऐन वेळी पेन खाली ठेवणं फार क्रूर होईल. तीन, सही करायची. मी तुमच्या जागी असते तर सही केली असती.

तिसरी वाट धरण्याआधी तुम्हाला तुमच्या धर्माशी बोलावंसं वाटेल, आणि बोलाच. तुमचा विश्वास असलेल्या फादरांकडे जा, सगळं उघड सांगा. ते काय म्हणतील ते मी आधी सांगू शकत नाही, आणि चर्चची शिकवण आहे त्याहून मवाळ आहे असं खोटंही सांगणार नाही. विवाह पुरुष आणि स्त्रीचाच, समलिंगी संबंध चूक, ही शिकवण कायम आहे. पण चर्चच्या त्याच धर्मशिक्षणाच्या ग्रंथात अशा माणसांना आदरानं, करुणेनं आणि संवेदनशीलतेनं स्वीकारावं, असंही लिहिलेलं आहे. १८ डिसेंबर २०२३ ला व्हॅटिकननं धर्मगुरूंना अशा जोडप्यांना साधा आशीर्वाद द्यायची मुभा दिली. तो लग्नाचा विधी नव्हे, लग्नासारखा दिसताही कामा नये, ही अट त्यासोबत आहेच. तेव्हा "निदान फादरांचा आशीर्वाद तरी घ्या" असा आग्रह मुलाला करू नका. त्याला हवा असेल तर तो स्वतः विचारेल. आणि सल्ला एका फादरांकडून घ्या, दहा नातेवाइकांकडून नको. अशा वेळी आपण उत्तर शोधण्याऐवजी मतं गोळा करत बसतो.

वसईचं बोलायचं तर आधी मुलाला विचारा, कुणाला किती सांगायचं. बातमी त्याची आहे. मग ज्या भावाशी किंवा बहिणीशी तुमचं सर्वांत जास्त जमतं, तिला किंवा त्याला एकट्याला फोन करा. व्हॉट्सअॅपच्या कुटुंबाच्या ग्रुपवर पत्रिका टाकून मोकळं होऊ नका. "आपल्यात असं नसतं" हे वाक्य येणारच. तेव्हा आयर्लंडचे राजकारणी लिओ वराडकर यांची आठवण करून द्या. वडील मुंबईचे डॉक्टर, मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड, आई आयरिश. जानेवारी २०१५ मध्ये, सार्वमताच्या चारच महिने आधी, त्यांनी रेडिओवर आपण समलिंगी असल्याचं सांगितलं. तेव्हा ते आरोग्यमंत्री होते, म्हणजे तुमच्याच खात्याचे. दोन वर्षांनी पंतप्रधान झाले, आणि २०१९ च्या डिसेंबरात वराडला आले तेव्हा गावानं त्यांचं कौतुकानं स्वागत केलं. आपल्या कोकणात असं असतं, ताई. फक्त बोललं जात नाही.

एक रुक्ष पण महत्त्वाची गोष्ट, परदेशात मुलं असलेल्या इतर वाचकांनीही टिपून ठेवावी अशी. भारतात समलिंगी संबंध ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालानंतर गुन्हा राहिलेले नाहीत, पण १७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला. म्हणजे मुलाचं आयरिश लग्न इथल्या कागदपत्रांत लग्न म्हणून धरलं जाणार नाही. वसईत घराचा किंवा वाडीचा वाटा पुढे त्याच्या नावावर येणार असेल, तर जोडीदाराला काही मिळावं यासाठी त्याला मृत्युपत्र करावं लागेल. ते नसेल तर वारसा कायद्यात जोडीदाराला पतीची जागा मिळण्याची आशा धरू नका. वसईतल्याच एखाद्या वकिलाकडून हे लेखी करून घ्या. आणि तिकडे लग्नाची नोटीस किमान तीन महिने आधी द्यावी लागते, तेव्हा 'विचार करते' म्हणून लांबवायला तुमच्याकडे फार वेळ नाही.

आता पत्रातली ती शेवटची ओळ. उंबराचं पाणी. वाजतगाजत विहिरीवर जायचं, बायकांनी गाणी म्हणायची, आणलेल्या पाण्यानं नवऱ्या मुलाला न्हाऊ घालायचं. तुम्ही "मनात होतं" असं लिहिलं आहे, जणू ते आता संपलं. का संपलं? हा काही चर्चचा संस्कार नाही. पोर्तुगीज येण्याच्या आधीपासून आपल्या बायका लग्नघरी पाणी आणत आल्या आहेत. त्याला ना कुठल्या फादरांची परवानगी लागते, ना कुठल्या रजिस्ट्रारची. आयर्लंडमध्ये उंबर मिळणार नाही, पण विहिरी आहेत. कित्येक गावांबाहेर संतांच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या पवित्र विहिरी आहेत आणि लोक अजून तिथे प्रार्थनेला जातात. तुमच्याबरोबर काम करणाऱ्या केरळच्या, गोव्याच्या दोन-चार जणी नक्की येतील. गाणी तुम्हाला येतातच.

रविवारी तो जेवायला येतो असं तुम्ही लिहिलं आहे. या रविवारी फाटकाचा विषय काढू नका, सहीचाही नको. त्याला पाण्याबद्दल सांगा. तुमच्या भावाच्या लग्नात ते कसं आणलं होतं, हंडा कुणाच्या डोक्यावर होता, कोण भिजलं होतं. आणि विचारा, "तुझ्यासाठी आणू का?"

— तुमची सदरलेखिका